खोकल्यासाठी मानेत सुई? हट्टी खोकला, हळवी झालेली नस आणि स्टिरॉइडचं इंजेक्शन

सर्दी येऊन गेली, ताप उतरला, पण खोकला काही जाईना. महिना झाला, दोन झाले, बघता बघता वर्ष उलटलं. छातीचा एक्स-रे स्वच्छ, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, कफ जवळजवळ नाहीच. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या रिकाम्या झाल्या, अँटिबायोटिकचे दोन-तीन कोर्स झाले, घरातल्या प्रत्येकाने आपापला उपाय सांगून झाला. आणि मग एके दिवशी कान-नाक-घशाचे डॉक्टर म्हणतात, "मानेत, स्वरयंत्राच्या बाजूला एक इंजेक्शन देऊन बघू. थोडं भुलीचं औषध आणि थोडं स्टिरॉइड."

ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. खोकला छातीत, मग सुई मानेत कशाला? आणि स्टिरॉइड? त्याबद्दल तर इतकं वाईट ऐकलेलं असतं.

हे इंजेक्शन काय आहे, ते कुणासाठी आहे आणि कुणासाठी नाही, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. कारण ज्यांना त्याचा उपयोग होऊ शकतो, ती माणसं बहुतेक वेळा वर्षानुवर्षं चुकीच्या जागी उपचार घेत आलेली असतात. आणि ज्यांना त्याची गरज नाही, त्यांनी ते घाईने घेतलं तर मूळ आजार मागेच राहून जातो.

खोकला येतो कुठून?

खोकला हा आजार नव्हे, ती शरीराची राखण आहे. पाण्याचा थेंब चुकून श्वासनलिकेकडे गेला की क्षणात ठसका लागतो आणि तो थेंब बाहेर फेकला जातो. यात आपल्याला विचार करावा लागत नाही. घशातल्या आणि श्वासमार्गातल्या नसांची टोकं "इथे काहीतरी आलंय" असा निरोप वर मेंदूकडे पाठवतात. मेंदूच्या बुंध्यातून लगेच हुकूम सुटतो: खोल श्वास घे, स्वरपट्ट्या गच्च मिटून घे, छाती-पोटाचे स्नायू आवळ आणि मग झटकन उघड. आत कोंडलेली हवा धडाक्याने बाहेर येते. तोच खोकला.

हा निरोप नेणारी मुख्य तार म्हणजे व्हेगस नर्व्ह. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी ही दहावी. मेंदूच्या तळातून निघून ती मानेतून खाली उतरते आणि स्वरयंत्र, फुप्फुसं, हृदय, जठर असं करत पोटापर्यंत जाते. एवढा लांब पसारा असल्यामुळेच पोटातलं आम्ल वर आलं तरी खोकला येऊ शकतो आणि कानात काडी घातली तरी येऊ शकतो. कानाचं खरं वाटत नसेल, तर कान साफ करताना कधी अचानक खोकला आलाय का ते आठवून पाहा. व्हेगसची एक बारीक फांदी कानाच्या नळीपर्यंत जाते. १९व्या शतकातले जर्मन शरीररचनातज्ज्ञ फ्रीडरिश आर्नोल्ड यांच्या नावाने ती ओळखली जाते. निरोगी माणसांत कानाला स्पर्श झाला म्हणून खोकणारे शंभरात दोन-तीनच निघतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनाट खोकल्याच्या मोठ्या माणसांत हे प्रमाण चौथ्या हिश्शाच्या आसपास निघालं. कानात आजार नसताना असं व्हावं, याचा अर्थ बिघाड त्या एका टोकापुरता नाही. अख्खी व्यवस्थाच हळवी झालेली आहे.

इथे एक शब्द ठरवून घेऊ. व्हेगसची जी फांदी मानेतून स्वरयंत्राकडे येते आणि स्वरपट्ट्यांच्या वरच्या भागाची संवेदना सांभाळते, तिचं नाव सुपिरिअर लॅरिंजिअल नर्व्ह. यापुढे मी तिला नुसतं "वरची नस" म्हणेन. या लेखातलं इंजेक्शन तिच्यासाठीच आहे. आणि नस म्हणजे इथे रक्तवाहिनी नव्हे, निरोप वाहून नेणारा मज्जातंतू.

आधी नेहमीचे संशयित

मोठ्या माणसाचा खोकला आठ आठवड्यांहून जास्त टिकला की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात. लहान मुलांसाठी ही मर्यादा चार आठवड्यांची. जगभरात दहातल्या एका प्रौढ माणसाला असा खोकला असतो असा अंदाज आहे, म्हणजे हे दुखणं दुर्मीळ मुळीच नाही. पण या सगळ्यांना मानेतली सुई लागत नाही. बहुतेकांचं कारण दुसरीकडे सापडतं, आणि ते शोधण्याची पायरी गाळून पुढे जाणं मला धोक्याचं वाटतं.

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे रक्तदाबाची गोळी. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल अशी "प्रिल"वर संपणारी नावं असलेल्या गोळ्यांनी काही लोकांना कोरडा, खवखवणारा खोकला लागतो. ही गोळी शरीरातले ब्रॅडिकायनिनसारखे काही पदार्थ मोडू देत नाही. ते साठतात आणि श्वासमार्गातल्या नसांना टोचत राहतात. गंमत अशी, की हा खोकला गोळी सुरू केल्यावर लगेचच लागतो असं नाही. कधी कधी काही महिन्यांनी लागतो, त्यामुळे गोळीवर कुणाला संशयच येत नाही. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली की तो बहुधा एक ते चार आठवड्यांत जातो, क्वचित तीन महिने घेतो. गोळी स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका, रक्तदाब भडकेल.

दुसरा संशयित दमा. दम्यात छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो, धाप लागते, असं आपण धरून चालतो. पण एका प्रकारच्या दम्यात नुसता खोकलाच येतो, तोही रात्री किंवा पहाटे जास्त. दम्याच्याच जवळचा आणखी एक प्रकार आहे, ज्यात श्वासमार्गाला विशिष्ट पांढऱ्या पेशींची सूज असते पण फुंकण्याची तपासणी (यंत्रात जोरात फुंकून श्वासाची ताकद मोजतात ती) नॉर्मल येते. दोन्हींना इनहेलरने गुण येतो. तिसरा संशयित नाक: मागच्या बाजूने घशात उतरणारा शेंबूड, सायनस, अॅलर्जी. चौथा पोटातलं आम्ल, आणि ते छातीत जळजळ न होताही वर येऊ शकतं. धूम्रपान तर आहेच.

क्षयरोगाचं नाव वेगळं घ्यायला हवं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी आणि छातीचा फोटो झालाच पाहिजे. खोकल्यातून रक्त येणं, वजन उतरणं, रात्री घाम फुटणं, संध्याकाळचा ताप, धाप लागणं, आवाज कित्येक आठवडे घोगरा राहणं, गिळताना अडकणं, यांतलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.

हे सगळं तपासून झालं, सापडलं त्यावर नीट उपचार झाले, तरीही खोकला हटत नाही, अशी काही माणसं उरतात. आपला विषय ती माणसं.

नस हळवी होते म्हणजे काय?

उन्हाने पाठ भाजली की अंगावरचा सदरासुद्धा सोसवत नाही. सदरा तोच असतो, बदललेली असते ती कातडी. हट्टी खोकल्यात घशाचं असंच काहीसं होतं. थंड हवेची झुळूक, उदबत्तीचा वास, कुणाच्या अंगावरचा अत्तराचा दर्प, धूळ, मोठ्याने हसणं, फोनवर सलग बोलणं, यांतलं काहीच नस पेटवण्याइतकं मोठं नाही. पण नस इतकी हळवी झालेली असते की ती याला ठसक्याइतकंच मोठं संकट समजते. काहींना तर नुसतं एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही. घशात एका ठरावीक जागी गुदगुल्या सुरू होतात, डोळ्यांत पाणी येतं, माणूस ती ढास दाबायचा प्रयत्न करतो, चेहरा लाल होतो आणि मग दहा-पंधरा उबळी एकामागून एक. शेवटी हाती काही येत नाही. बेडका नाही, काहीच नाही.

"नेमकं कुठे खवखवतं?" असं विचारलं तर ही माणसं बहुतेकदा छातीवर हात ठेवत नाहीत. दोन बोटं कंठाच्या बाजूला लावून दाखवतात: इथे. ती जागा ध्यानात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

हे हळवेपण येतं कसं? पुष्कळदा सुरुवात एखाद्या जोरदार सर्दी-खोकल्याने होते. विषाणू श्वासमार्गाच्या आतल्या अस्तराबरोबर तिथल्या नसांच्या टोकांनाही डिवचतो, कधी इजा करतो. आजार संपतो, अस्तर भरून येतं, पण नस पूर्वीसारखी होत नाही. ती विनाकारण निरोप पाठवत राहते, आणि सततच्या निरोपांनी मेंदूतलं केंद्रही सावध, चिडखोर होऊन बसतं. नागीण येऊन गेल्यावर फोड सुकतात पण त्या जागी महिनोन्‌महिने आग होत राहते, हे अनेकांनी घरात पाहिलेलं असतं. या खोकल्याला त्या दुखण्याचा भाऊ म्हणता येईल. तिथे नस दुखतं असं सांगते, इथे खोक असं सांगते. २०१४ साली युरोपातल्या श्वसनतज्ज्ञांच्या संघटनेच्या एका गटाने या हळवेपणाला खोकल्याच्या अतिसंवेदनशीलतेचा आजार म्हणून मांडलं. तेव्हापासून "कारण सापडत नाही" असं म्हणून रुग्णाला परत पाठवण्याऐवजी नसेकडे बघायची सवय वाढली.

खोकल्याच्या खास दवाखान्यांत येणाऱ्यांमध्ये स्त्रिया पुरुषांपेक्षा बऱ्याच जास्त असतात, आणि पन्नाशीच्या आसपासच्या. त्यांच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते, जी त्या सहजासहजी सांगत नाहीत. जोराची उबळ आली की लघवीचे थेंब सुटतात. त्या भीतीने प्रवास, समारंभ, लोकांत बसणं हळूहळू बंद होतं. सततच्या खोकल्याने बरगडीला चीर पडल्याची, उबळीत डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडल्याची उदाहरणं वैद्यकीय पुस्तकांत नोंदलेली आहेत. म्हणून "नुसता खोकला तर आहे, एवढं काय" हे वाक्य या माणसांसमोर कुणी उच्चारू नये. आणि "मनाचे खेळ आहेत" हे तर मुळीच नको. ताणाने खोकला वाढतो, हे खरं. पण म्हणून तो खोटा ठरत नाही.

सुई नेमकी कुठे टोचतात?

आरशासमोर उभं राहून हनुवटी थोडी वर करा. कंठमण्याच्या वर, हनुवटीच्या खाली एक आडवं हाड हाताला लागतं. ते नालाच्या आकाराचं असतं. त्याला हायॉइड म्हणतात. त्याच्याखाली कंठमण्याची मोठी कूर्चा. या दोघांच्या मध्ये पडद्यासारखं एक पातळ अस्तर ताणलेलं असतं, आणि वरची नस बाजूने येऊन याच पडद्यातून स्वरयंत्राच्या आत शिरते. रुग्ण दोन बोटांनी दाखवतो ती जागा बऱ्याचदा याच्या आसपासच असते.

डॉक्टर आधी नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरपट्ट्या बघतात. तिथे गाठ नाही ना, दोन्ही बाजू नीट हलतात ना, हे पाहिल्याशिवाय सुई हातात घ्यायची नसते. मग मानेवर बोटाने दाबत दाबत जातात. काहींच्या बाबतीत एका बाजूला विशिष्ट जागी दाबलं की लगेच खवखव किंवा खोकला सुरू होतो. सापडलेली ती बाजू बहुधा आधी घेतात.

पुढचं काम काही मिनिटांचं. रुग्ण खुर्चीत मान टेकून बसतो किंवा आडवा होतो. कातडी पुसून घेतात. मानेतली मोठी धमनी जवळच असते, ती बोटाने बाजूला सारून धरतात. बारीक सुई आत घालतात, औषध सोडण्यापूर्वी दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघतात आणि मग एक-दोन मिली मिश्रण सावकाश सोडतात. काही ठिकाणी सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई नेतात. पूर्ण बेशुद्ध करावं लागत नाही, दवाखान्यात भरती व्हावं लागत नाही. सुई नसेजवळ पोचली की काहींना कानात कळ गेल्यासारखं वाटतं, काहींना नेहमीचीच ती खवखव जागी होते. रुग्ण दचकतो, पण डॉक्टरांच्या दृष्टीने ती खूण असते की जागा बरोबर सापडली.

मिश्रणात दोन औषधं. एक भुलीचं, म्हणजे दात काढताना देतात त्या जातीचं लिडोकेन किंवा तसंच एखादं. दुसरं हळूहळू विरघळणारं स्टिरॉइड, बहुधा ट्रायअॅमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन. घशाची ती बाजू थोड्याच वेळात बधीर होते. काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, गिळताना चुकल्यासारखं होतं. म्हणूनच बधिरपणा उतरेपर्यंत, डॉक्टर सांगतील तेवढा वेळ, काही खायचं-प्यायचं नाही. राखणदाराला आपणच झोपवलेलं असतं. अशा वेळी घोटभर पाणीसुद्धा चुकीच्या वाटेने जाऊ शकतं.

भूल तर काही तासांत उतरते, मग गुण पुढे कसा टिकतो?

हा प्रश्न डॉक्टरांनाही पडतो आणि त्याचं पूर्ण उत्तर अजून मिळालेलं नाही. दोन-तीन गोष्टी एकत्र घडत असाव्यात असं मानलं जातं.

भुलीचं औषध नसेला काही तास गप्प करतं. तेवढ्या वेळात खोकला-खवखव-पुन्हा खोकला हे चक्र तुटतं. कारण जोरजोरात खोकल्याने स्वरपट्ट्या एकमेकींवर आपटतात, घसा सुजतो आणि सुजलेला घसा पुन्हा खोकायला लावतो. स्टिरॉइड नसेच्या भोवतालची सूज उतरवतं. त्याशिवाय, इजा झालेल्या नसा जे विनाकारण झटके सोडत राहतात, ते स्टिरॉइडने कमी होतात असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. हळव्या झालेल्या बारीक तंतूंचा आवाज उतरला की मेंदूतलं केंद्रही हळूहळू निवतं.

ही कल्पना खोकल्यासाठी नवी असली तरी वैद्यकात जुनीच आहे. मनगटात नस दबून बोटांना मुंग्या येतात तेव्हा तिथे स्टिरॉइड टोचतात. डोक्याच्या मागच्या बाजूने उठणाऱ्या डोकेदुखीत कवटीखालच्या नसेभोवती भूल आणि स्टिरॉइड देतात. तोच विचार घशाच्या नसेला लावला, एवढंच.

यातूनच एक मर्यादाही कळते. वरची नस स्वरपट्ट्यांच्या वरच्या भागाची. खाली श्वासनलिकेत, फुप्फुसात जे होतं त्याचे निरोप दुसऱ्या फांद्यांतून जातात. त्यामुळे ज्याचा खोकला घशातल्या गुदगुल्यांनी सुरू होतो त्याला या सुईचा उपयोग होण्याची आशा जास्त. ज्याला छातीत खोल कुठेतरी चाळवल्यासारखं वाटतं, कफ पडतो, त्याला कमी.

खरंच गुण येतो का?

२०१८ साली अमेरिकेतल्या घशाच्या डॉक्टरांनी एक अनुभव प्रसिद्ध केला. २३ रुग्ण, सगळे नसेच्या खोकल्याचे. त्यांनी खोकल्याचा त्रास मोजण्यासाठी एक प्रश्नावली वापरली: दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, म्हणजे सगळ्यात वाईट स्थितीत ४०. ज्यांचा नंतर पाठपुरावा करता आला, त्यांची सरासरी इंजेक्शनांपूर्वी २६.८ होती, ती नंतर १४.६ वर आली. रुग्णामागे सरासरी दोनाहून थोडी जास्त इंजेक्शनं लागली. सव्वीसवरून चौदावर येणं म्हणजे खोकला गेला असं नव्हे. पण जो माणूस वाक्य पुरं करू शकत नव्हता तो आता फोनवर बोलू शकतो, एवढा फरक त्यात असू शकतो.

त्यानंतर अशाच लहान लहान गटांतून साधारण असेच निकाल येत गेले. तरी मी इथे थांबून एक गोष्ट ठळकपणे सांगेन, कारण ती सहसा सांगितली जात नाही. खोकला हे असं दुखणं आहे की उपचार मिळतोय या विश्वासानेच तो बराच कमी होतो. जेफापिक्संट नावाच्या नव्या औषधाच्या मोठ्या चाचणीत ज्यांना औषध नसलेली गोळी दिली होती, त्यांचाही खोकला मोजून जवळपास निम्म्यावर आला. तर मानेत सुई टोचल्यावर विश्वासाचा वाटा किती असेल, विचार करा. म्हणून खरी परीक्षा तीच, जिथे काहींना औषध आणि काहींना नुसतं मिठाचं पाणी टोचतात आणि कुणाला काय दिलं हे रुग्णाला कळू देत नाहीत. अशी तुलनाही झालेली आहे आणि तिचा कल औषधाच्या बाजूने आहे. पण त्यात रुग्ण अगदी थोडे होते.

माझं मत असं: आशा धरावी इतपत पुरावा आहे, हमी द्यावी इतका नाही. जो डॉक्टर हे असंच सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवावा. "एका सुईत खोकला गायब" असं जो म्हणतो त्याला पुढचे प्रश्न विचारावेत.

"पण स्टिरॉइड शरीराला वाईट ना?"

महिनोन्‌महिने पोटातून घेतलेलं स्टिरॉइड हाडं ठिसूळ करतं, साखर वाढवतं, वजन वाढवतं, हे खरं आहे आणि त्याची भीती रास्तच आहे. इथे मात्र थोडंसं औषध एका जागी, काही आठवड्यांच्या अंतराने, मोजक्या वेळा दिलं जातं. अख्ख्या शेताला पाणी सोडणं आणि एका रोपाच्या बुंध्याशी तांब्याभर ओतणं, इतका त्यात फरक.

तरी थोडा अंश रक्तात जातोच. मधुमेह असलेल्यांची साखर काही दिवस वर जाऊ शकते, त्यांनी डॉक्टरांना आधी सांगावं आणि घरी साखर मोजत राहावं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, भुलीच्या औषधाची अॅलर्जी असेल, मानेवर पुरळ किंवा जंतुसंसर्ग असेल, किंवा एका बाजूची स्वरपट्टी आधीच लुळी असेल, तर हेही न विचारता सांगून टाकावं.

"नस कायमची निकामी झाली तर?"

इथे नस जाळत नाहीत की कापत नाहीत. सुई नसेच्या शेजारी औषध सोडते. बधिरपणा काही तासांत उतरतो. जिथे टोचलं तिथे दुखणं, निळसर डाग पडणं, एक-दोन दिवस खोकला उलट वाढणं, हे होऊ शकतं. वरच्या नसेची एक फांदी स्वरपट्ट्या ताणणाऱ्या स्नायूकडे जाते. औषध तिच्यापर्यंत पसरलं तर काही काळ वरचे सूर लागत नाहीत. गाणाऱ्याने किंवा ज्याचं पोट आवाजावर आहे त्याने दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम ठेवू नये. स्वरपट्ट्या आवळून श्वास अडल्यासारखं होणं क्वचित घडतं, आणि म्हणूनच ही सुई अशा हातांनी, अशा जागी टोचली जावी जिथे ते सांभाळता येईल, आणि टोचल्यावर थोडा वेळ तिथेच बसून राहावं.

"खोकला दाबला तर कफ आत साठेल"

ही शंका फार जणांना येते आणि ती चुकीची नाही. फुप्फुसात कफ असलेल्या माणसाचा खोकला दाबणं खरंच वाईट. पण हा उपचार कोरड्या, निष्फळ खोकल्यासाठी आहे, जिथे बाहेर काढायचं काही नाहीच. शिवाय बधिरपणा उतरला की राखण पुन्हा सुरू होते. पाण्याचा थेंब चुकला तर ठसका लागणारच, आणि लागायलाच हवा.

सुईआधी आणखी काय करून बघता येतं?

इथे मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते, कारण सगळ्यात साधा उपाय सगळ्यात कमी सांगितला जातो. तो म्हणजे वाचा-उपचारतज्ज्ञाकडून शिकायचा व्यायाम. उबळ येतेय असं वाटताच ती ओळखायची, नाकाने हलका श्वास घ्यायचा, ओठ चंबूसारखे करून सोडायचा, आवंढा किंवा पाण्याचा घोट गिळायचा, खाकरण्याची सवय मोडायची, घसा ओला ठेवायचा. वाचायला हे फारच साधं वाटतं. पण ऑस्ट्रेलियात ८७ रुग्णांवर झालेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे शिकलेल्यांपैकी बहुसंख्य लोकांना गुण आला, आणि नुसता आरोग्याचा सर्वसाधारण सल्ला मिळालेल्यांत तो थोड्यांनाच आला. यात सुई नाही, गोळी नाही, दुष्परिणाम नाही. फक्त काही आठवडे नेटाने करावं लागतं.

गोळ्याही आहेत. गॅबापेंटिन हे नसेच्या दुखण्यावरचं औषध. २०१२ साली ६२ रुग्णांवरच्या चाचणीत त्याने खोकल्याचा त्रास कमी झाला, पण गुंगी, चक्कर आली आणि गोळी थांबवल्यावर गुण ओसरला. अॅमिट्रिप्टिलिन कमी मात्रेत देतात, त्याने तोंड कोरडं पडतं, झोप येते. वर ज्याचं नाव आलं ते जेफापिक्संट थेट खोकल्याच्या नसांवरची निरोप टिपणारी एक जागा अडवतं. जपानने ते २०२२ मध्ये मान्य केलं, युरोपने २०२३ मध्ये, अमेरिकेच्या औषध नियामकाने मात्र फायदा पुरेसा दिसत नाही म्हणून परवानगी दिली नाही. त्याची अडचण चमत्कारिक आहे: निम्म्याहून जास्त लोकांच्या जिभेची चव बिघडते.

सुईचं आकर्षण इथेच कळतं. ज्याला गोळ्यांची गुंगी सोसत नाही, ज्याला दिवसभर गाडी चालवायची असते, उतारवयात आधीच चार गोळ्या चालू असतात, त्याच्यासाठी एका जागी दिलेलं औषध सोयीचं पडतं. पुष्कळ डॉक्टर सुई आणि घशाचा व्यायाम दोन्ही एकत्र करायला सांगतात. मलाही ते पटतं. सुईने नस शांत झाली असताना व्यायाम अंगी बाणवणं सोपं जातं.

डॉक्टरांना काय विचाराल?

माझ्या छातीचा फोटो, फुंकण्याची तपासणी आणि घशाची दुर्बीण झाली आहे का? माझ्या चालू गोळ्यांत खोकला लावणारी एखादी आहे का? खोकला घशातून उठतोय असं तुम्हाला कशावरून वाटतं? कोणत्या बाजूला देणार, किती वेळा, किती अंतराने? आणि दोन-तीन सुयांनी काहीच फरक पडला नाही तर कुठे थांबणार?

शेवटचा प्रश्न विसरू नका. त्यासाठी पहिल्या सुईच्या आठवडाभर आधीपासून एक वही ठेवा. रोज झोपण्यापूर्वी तीन गोष्टी लिहायच्या: आज उबळी साधारण किती आल्या, कशामुळे आल्या, आणि रात्री खोकल्याने किती वेळा जाग आली. सुईनंतरही तेच लिहीत राहायचं. काही जणांना पहिल्याच आठवड्यात फरक कळतो, काहींना दुसऱ्या सुईनंतर, काहींना कधीच नाही. "जरा बरं वाटतंय" यावर पुढची सुई घ्यायची की नाही हे ठरवणं अवघड असतं. वहीतले आकडे समोर ठेवले की डॉक्टर आणि तुम्ही दोघांनाही ते पाच मिनिटांत ठरवता येतं.